माडीचा सूर

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं रत्नागिरीस आमच्या घरीं दोघे मित्र जमले होते. एकानें स्कॉटलंडहून सिंगल माल्टच्या तीन बाटल्या आणिल्या होत्या. दुसरा गाण्याचा षौकी. प्रत्येक मद्याला साजेसा सूर शोधावा, असा बेत ठरला. आमची आवड विचाराल तर स्काय बेटावरील टॅलिस्कर; तिच्यांतील मिठाचा व मिरीचा भास खवळलेल्या समुद्रासमोर मल्हाराशीं जुळतो. आयला बेटावरील लाफ्रॉइगच्या धुरकट वासाला सारंगी हवी, आणि ग्लेनलिव्हेटच्या सौम्य गोडव्याला संथ भूप. इतक्यांत गाणाऱ्या मित्रानें विचारिलें, "आणि आपल्या माडीला कोणता राग?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. विचारान्तीं वाटतें कीं, या मौनाचें कारण चवींत नसून इतिहासांत आहे.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टींत, केवळ मोड आणिलेल्या जवापासून गाळलेलें आणि निदान ३ वर्षें ओकच्या पिंपांत मुरविलेलें मद्य. त्याची आजची प्रतिष्ठा मात्र फार जुनी नाहीं. अठराव्या शतकांत डोंगरदऱ्यांतील कित्येक भट्ट्या चोरूनच चालत. कवि रॉबर्ट बर्न्स यानें या मद्याची स्तुति गाइली, आणि १७८९ पासून तोच आबकारी खात्यांत नोकर होता! १७९९ च्या सुमारास धान्यटंचाईमुळें जवाचें मद्य गाळण्यास बंदी झाली, तेव्हां नील गो या प्रसिद्ध सारंगीवाल्यानें व्हिस्कीला निरोप देणारी एक करुण धून रचिली. पुढें १८२३ च्या कायद्यानें कर उतरविला व १० पौंडांत परवाना खुला केला. १८२४ त जॉर्ज स्मिथनें ग्लेनलिव्हेटसाठीं तो घेतला; चोरट्या शेजाऱ्यांच्या भीतीनें त्याला पिस्तुलें बाळगावीं लागलीं, पण त्याचा धंदा उजळ माथ्यानें चालूं लागला.

आतां कोंकणाकडे वळूं. येथें माड छेदण्याची विद्या भंडाऱ्यांची. पोय बांधावी, तिचें टोंक नित्य नेमानें कापावें, मडकें लावावें आणि रस आंबण्यापूर्वीं उतरवावा. यांत हाताचें कसब आहे आणि पडून मरण्याचें भयही आहे. हाच समाज लढवय्या होता. १६७९ त खांदेरीच्या झुंजींत मायनाक भंडारी शिवरायांच्या आरमारांत होता. मुंबईस इंग्रजांनीं आरंभीं भंडाऱ्यांचीच शिबंदी उभारिली. भोंगळी नांवाचें लांब कर्ण्यासारखें वाद्य फुंकण्याचा मानही त्यांचाच. म्हणजे मद्य आणि सूर हीं दोन्हीं आमच्याकडे एकाच समाजाच्या हातीं होतीं.

१८७८ त मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा आला. झाडावर कर, छेदण्यास परवाना, गाळण्यास परवाना, विकण्यास परवाना! दोन्हीं कायद्यांची दृष्टि महसुलावरच होती. परंतु एकानें चोरट्याला कारखानदार केलें, आणि दुसऱ्यानें कसबी माणसाला आपल्याच माडाखालीं गुन्हेगार होण्याच्या भीतींत ठेविलें. पुढें १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें उरलीसुरली प्रतिष्ठाही नेली.

यांत आम्हां सुशिक्षितांचाही वांटा आहे. मद्यासंबंधीं मराठींतील सर्वांत गाजलेलें संगीत नाटक म्हणजे गडकऱ्यांचें 'एकच प्याला'. १९१९ त, कर्त्याच्या मृत्यूनंतर, तें गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें, आणि सिंधूच्या भूमिकेंतील बालगंधर्वांच्या पदांनीं प्रेक्षक रडले. मद्यानें घर बुडतें, हें सत्य आहे. माडीच्या दुकानांनींही संसार बुडविले आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सुधाकर हा वकील होता, माडावर चढणारा नव्हता. नाटकगृहांतून डोळे पुसून परतणाऱ्यांनीं मात्र कलंक भंडाऱ्याच्या मडक्याला लाविला, आणि स्वतःच्या कपाटांतील विलायती बाटलीला सभ्यता दिली. आमच्या मेजावरील त्या तीन बाटल्याही याच न्यायानें तेथें आल्या होत्या.

शेजारच्या गोव्यानें निराळी वाट दाखविली आहे. काजूच्या फेणीला २००९ त भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला; आणि २०१२ पासून गोव्यांत गाळलेली सिंगल माल्ट परदेशांतही विकली जाऊं लागली. माडीनें व्हिस्की व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. ती दुसऱ्या दिवशींही गोड राहत नाहीं, मग पिंपांत कोठून मुरणार! पण कोणत्या माडाचा रस गोड, कोणत्या ऋतूंत तो पातळ, कापणीची वेळ कोणती, हें ज्ञान वृद्ध भंडाऱ्यांबरोबर चाललें आहे. तें कोणीं तरी त्यांच्यापाशीं बसून लिहून घ्यावें.

मित्राला आम्हीं अखेर सांगितलें कीं, माडीचा सूर आम्हांस ठाऊक नाहीं, कारण ज्यांना तो ठाऊक असेल त्यांना आम्हीं बैठकींत कधीं बोलाविलेंच नाहीं. पुढील बैठकीस निदान एक तरी म्हातारा भंडारी असावा, असें त्या रात्रीं ठरलें.