मास्तरांच्या पेटीतलं रामायण

आजीकडे रेडिओ नव्हता. तरी गीतरामायणातली तीसेक गाणी तिला पाठ होती. ती कुठून आली असं विचारलं की म्हणायची, "मास्तरच्या पेटीतून आली बापू. मले कुठला रेडिओ?"

मास्तर म्हणजे वाशीमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे संस्कृतचे शिक्षक. सुट्टीत पुण्याला भावाकडे गेले की ते रेडिओवरची गाणी वहीत उतरवून आणायचे आणि संध्याकाळी ओट्यावर पेटी काढायचे. एकदा भरत चित्रकूटावर पोचला आणि मास्तरांची सुट्टी संपली. राम त्याला काय म्हणाला, हे ऐकायला गल्ली दिवाळीपर्यंत थांबली होती.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं. आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गळ घातली, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली बांधल्या. आठवड्याला एक नवं गाणं. कधी कौसल्येच्या तोंडी, कधी शबरीच्या, कधी खुद्द रामाच्या. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून बावन्न गाण्यांची छप्पन्न झाली आणि पुढच्या रामनवमीला ती पुरी झाली. पुण्यात लोक रेडिओला हार घालतात, हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा आजीने पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं.

वाशीम तेव्हा पुण्यासारखं मुंबई राज्यात नव्हतंच. आम्ही अकोला जिल्ह्यात, अकोला मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. विदर्भ मुंबई राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ला. म्हणजे आमच्या ओट्यावरचं हे गाणं परराज्यातून आलेलं, पण तसं कुणाला वाटलंच नाही.

मास्तरांची आणखी एक गोष्ट आजी फार जपून सांगायची. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घराबाहेर पडला. त्याला बांधून ठेवायला पार्वतीने साहित्यविद्या निर्माण केली. ती त्याच्या मागे देशोदेशी फिरली, आणि शेवटी विदर्भात वत्सगुल्म नगरीत दोघांचं लग्न लागलं. राजशेखराने ही कथा काव्यमीमांसेत सांगितली आहे, आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. इथे वाकाटकांची एक शाखा नांदली. तिचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः प्राकृत कवी. त्याचं 'हरिविजय' काळाने गिळलं. दुसऱ्या शाखेच्या प्रवरसेनाने महाराष्ट्री प्राकृतात रामाच्या सेतूवर 'सेतुबंध' रचलं, ते मात्र उरलं. मास्तर हे सगळं समजावून सांगत असताना आजीने मध्येच विचारलं होतं, "म्हंजे शब्दाचं अन् चालीचं लगन आपल्याच गावात लागलं व्हय?" मास्तर क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी पेटीचा भाता ओढला.

पुढे पुण्याच्या वसतिगृहात मित्राने मला बीटल्सची 'सार्जंट पेपर्स' ऐकवली. १९६७ची ही तबकडी रॉक संगीतात मैलाचा दगड मानतात. गाणी सुटी ऐकायची नाहीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायची, असं तो मला कळवळून सांगत होता. मला ते लगेच पटलं. आमच्या गल्लीने तसंच एक गाणं संपूर्ण वर्षभर ऐकलं होतं.

१९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. राम भरताची समजूत घालतो ते गाणं बायका तेव्हा तिच्याकडून म्हणवून घ्यायच्या. माणूस पराधीन आहे हे त्या खडीवर कुणाला शिकवावं लागत नव्हतं. पण रामही तेच म्हणतो, याचा आधार वाटायचा. आजोबा गेले त्या रात्रीही ती तेच गुणगुणत बसली होती.

फडक्यांच्या आवाजातल्या गीतरामायणाचा दहा तबकड्यांचा संच काकांनी घरी आणला तेव्हा आजी सत्तरीला आली होती. तिने डोळे मिटून ते गाणं ऐकलं. एका कडव्याला मान हलवली आणि म्हणाली, "इथं मास्तरची चाल वेगळी व्हती."

ऐकून आणलेली चाल मास्तर वाटेत विसरले असतील आणि तेवढी जागा त्यांनी स्वतः भरली असेल. ते कडवं आमच्या घरात अजून मास्तरांच्याच चालीत म्हणतात.