कापडाच्या पंखांचं विमान

विमानाचे पंख कधीकाळी कापडाचे असायचे, असं सांगितलं तर पटेल का? आम्हालाही आधी पटलं नव्हतं. पण आजची गोष्ट त्या कापडाचीच आहे, आणि ते सांधणाऱ्या एका बाईची.

एमी जॉन्सन इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावची. जन्म 1903 चा, वडिलांचा मासळीचा व्यापार. एमी लंडनला एका वकिलाच्या कचेरीत काम करायची आणि फावल्या वेळात विमान चालवायला शिकायची. तेवढ्यावर तिचं भागेना. ती मेकॅनिकांच्या शेडमध्ये जाऊन हात काळे करू लागली. 1929 साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी विमानदुरुस्तीचाही. दुरुस्तीचा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई. लोक तिला वैमानिक म्हणून ओळखतात. आम्हाला विचाराल तर तिचा दुसरा परवानाच मोठा.

तिने जुनं, वापरलेलं जिप्सी मॉथ विमान 600 पौंडांना घेतलं. निम्मे पैसे वडिलांनी दिले. विमानाचं नाव ठेवलं जेसन, वडिलांच्या धंद्याचा छाप होता तो.

आता पंख कसे असायचे ते ऐका. आत हलक्या लाकडाचा सांगाडा. त्यावर कापड चढवायचं, सांगाड्याच्या पट्ट्यांना दोऱ्याने टाचायचं. मग डोप नावाचं रोगण हात-हात देत लावायचं. वाळताना ते कापड आवळतं आणि पंख डफासारखा ताठ होतो. फाटलं तर? आपण गोधडीला करतो तेच. फाट शिवायची, वर ठिगळ बसवायचं, फक्त सुईबरोबर डोपही लागतं. ठिगळाची कड सुटली तर मात्र वारा आत शिरून कापड उचकटतो, आणि खाली जमीन नसते.

5 मे 1930 ला एमी एकटीच लंडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली. वर छत नाही, सोबत रेडिओ नाही. दिवसभर उडायचं आणि उतरल्यावर झोपेआधी इंजिनाची देखभाल करायची. सहा दिवसांत ती कराचीला पोचली. आधीच्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे होती.

पुढे अलाहाबाद गाठायचं होतं, पण पेट्रोल संपत आलं आणि ती उतरली कुठे, तर झाशीला! आपल्या राणीच्या झाशीला, लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर. पंखाला मार बसला. तो सांधून ती पुन्हा निघाली.

खरी परीक्षा ब्रह्मदेशात झाली. पावसात रंगूनचं मैदान सापडेना, म्हणून ती जवळच्या इनसिनला फुटबॉलच्या मैदानावर उतरली, आणि विमान खड्ड्यात गेलं. पंखा मोडला, चाकांचा सांगाडा वाकला, कापड फाटलं. जादा पंखा तिने लंडनपासून विमानाला बांधून आणला होता. (दूरच्या प्रवासाला निघताना आपणही सुई-दोरा घेतोच ना!) शेजारीच तंत्रशाळा होती, तिथले शिक्षक आणि विद्यार्थी धावून आले. पण विमानाचं कापड कुठून आणायचं? पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या विमानी कापडाचे शर्ट तिथे कुणीकुणी शिवून घेतले होते. ते शर्ट उसवले आणि पंखाला जोडले!

यात दिवस गेले आणि विक्रम हातचा गेला. जावा बेटावर उतरताना बांबूच्या खुंटांनी पंखाला भोकं पडली, ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. 24 मे ला ती डार्विनला उतरली. सुमारे 18,000 किलोमीटर एकटीने पार करून ऑस्ट्रेलियाला पोचलेली ती पहिली बाई.

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाची विमानं पोचवण्याचं काम करताना, जानेवारी 1941 मध्ये, ती थेम्स नदीच्या मुखाशी बुडाली. जेसन मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये अजून आहे.