ग्रंथालयात भरलेली पाकिटे : बनगाव, १९७१

१९७१ च्या जून महिन्यात पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या पटकीच्या रुग्णांनी भरून गेल्या होत्या. खाटा केव्हाच संपल्या होत्या. माणसे जमिनीवर पडलेली होती आणि त्यांच्या शिरेत सलाईनची सुई लावायची तर डॉक्टरला त्याच ओल्या, मळलेल्या जमिनीवर गुडघे टेकावे लागत. पूर्व पाकिस्तानातील दडपशाहीपासून जीव वाचवून भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या त्या वर्षअखेरीस एक कोटीच्या घरात गेली. पावसाळा तोंडावर होता, छावण्यांत शुद्ध पाणी नव्हते. काही छावण्यांत पटकी झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के माणसे दगावत होती.

तेथे पोहोचलेल्या डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्या लवकरच लक्षात आले की, ही लढाई हातची जात आहे. सलाईनचा साठा अपुरा होता आणि त्यांच्या पथकात शिरेतून सलाईन देण्याचे शिक्षण मिळालेली माणसे दोनच होती.

महालनबीस हे कोलकात्यातील एका संशोधन केंद्रातून आले होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी कोलकात्यात वैद्यकीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले होते. विद्यापीठाकडे प्रयोगशाळेची शिस्त व शरीरक्रियाशास्त्राचे ज्ञान होते. शहरातील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात पटकीचे रुग्ण होते आणि त्यांची शुश्रूषा वर्षानुवर्षे करणारी अनुभवी माणसेही होती. दोहोंच्या सहकार्यातून एका प्रश्नाचा शोध चालू होता : शिरेतून द्यावे लागणारे पाणी व क्षार तोंडाने देता येतील का?

प्रश्नाचे उत्तर आतड्याच्या अस्तरात दडलेले होते. कोलकात्याचेच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले होते की, पटकीच्या जंतूने सोडलेल्या विषामुळे आतड्यात पाणी झिरपते. या विषाने आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ओतले जाते खरे. पण ग्लुकोज व सोडियम यांना एकत्र आत घेणारी वाट मात्र शाबूत राहते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी या जोडवाहतुकीची कल्पना मांडली होती. मिठाबरोबर योग्य प्रमाणात ग्लुकोज दिले, तर सोडियम आत शिरते आणि त्याच्या मागोमाग पाणीही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकाता व ढाका या दोन्ही ठिकाणच्या संशोधकांनी हे रुग्णांवर पडताळून पाहिले. ढाक्यातील डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९६८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु हे सारे रुग्णालयाच्या चार भिंतींत, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, प्रत्येक रुग्णाच्या शरीरात गेलेले आणि बाहेर पडलेले पाणी मोजून झालेले होते. गर्दीने भरलेल्या छावणीत, अशिक्षित नातलगांच्या हातून तोच उपचार होईल, असे मानायला बहुसंख्य वैद्यकीय जगत तयार नव्हते. महालनबीस यांच्यापुढे मात्र दुसरा मार्गच उरला नव्हता.

एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा, हे प्रमाण ठरले. कोलकात्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत पाकिटे भरण्याचे काम सुरू झाले. पदार्थ तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचे, गरम इस्त्रीने तोंड बंद करायचे, सूचनांची चिठ्ठी लावायची. बनगावला ती मिश्रणे पिंपांतील पाण्यात कालवली जात आणि पिंपाच्या तोटीखाली आया, बाप, भावंडे पेला धरीत. जे नाडी लागेनाशी होण्याच्या अवस्थेला पोहोचले होते त्यांना आधी सलाईन मिळे. बाकीच्यांसाठी तोंडाने दिलेले पाणीच औषध होते. या द्रावणाला ‘ओरल सलाईन’ म्हटले गेले. सुईच्या सलाईनवर लोकांचा विश्वास होता. त्या नावामुळे पेल्यातील पाण्यालाही तो लाभला.

सुमारे आठ आठवड्यांत तेथे ३,७०० च्या आसपास रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. ही काही नियंत्रित चाचणी नव्हती. तुलनेसाठी वेगळा गट ठेवणे त्या परिस्थितीत अशक्य होते, आणि कोणाला उपचारावाचून ठेवणे अनैतिकही ठरले असते. शंकेखोरांना आक्षेपाला तेवढी जागा उरलीच. हा अनुभव १९७३ मध्ये ‘जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमन बरुआ यांनी बनगावचे काम स्वतः पाहिले होते आणि पुढे या उपचाराचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये संघटनेने अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. मराठी घरांत ‘जलसंजीवनी’ या नावाने पोहोचलेल्या पाकिटामागे हा इतिहास आहे.

महालनबीस यांचे ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झाले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाला.

विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्या सहकार्याचे मोल बहुधा निबंधांच्या संख्येने मोजले जाते. बनगावने वेगळे माप दिले. कोलकात्यातील केंद्राला बारा महिने रुग्णालयाच्या सान्निध्यात काम करण्याची सवय नसती, तर संकटाच्या वेळी ग्लुकोजचे प्रमाण कोणाला ठाऊक असते? आणि रुग्णालयाने प्रयोगशाळेपुढे आपली गरज मांडली नसती, तर ते ज्ञान निबंधाच्या पानांतच राहिले असते. दहा वर्षांची ती सोबत आधीपासून होती, म्हणूनच ती आठ आठवड्यांत कामास आली.

शेवटचा टप्पा मात्र अजून अपुराच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत अतिसार झालेल्या भारतीय बालकांपैकी सुमारे ६० टक्क्यांनाच हे द्रावण मिळाल्याचे आढळले. शास्त्राचा प्रश्न अर्धशतकापूर्वी सुटला. पाकीट प्रत्येक घरी पोहोचवणे आणि ते कालवायला आईला शिकवणे, हे काम अद्याप बाकी आहे.