निजामाची उर्दू, आजची इंग्रजी आणि घरची बोली

उन्हाळा संपत आला की आपल्या राजुरा भागात बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या आधी शाळेचीच गोष्ट निघते. पोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं की इंग्रजी शाळेत घालायचं? काही बाया तर फीसाठी गटातून कर्ज उचलतात. आज मी या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. आपल्या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. परक्या भाषेतली शाळा आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली आहे.

राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात उशिरा आला. १९४८ पर्यंत आपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतो. वर्धा नदीच्या पल्याड इंग्रजांचं राज्य, अल्याड निजामाचं. १९५६ मध्ये तालुका नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला. म्हणून तर १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन आपल्याकडे साजरा होतो.

निजामाच्या राज्यात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलणारे आणि चौथा हिस्सा मराठी. उर्दू ज्यांच्या घरची भाषा, असे शंभरात दहा-बारा. पण कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दूचं. खालच्या वर्गात कुठे मराठी, कुठे तेलुगू चाले. पुढे जायचं तर उर्दूशिवाय वाट नव्हती. घरात गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी-तेलुगू आणि शाळेत उर्दू, अशा पोराचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा. ज्यांच्या घरी शिकलेलं माणूस होतं, ते तरले. बाकीच्यांना निजामाच्या काळातला शेतीचा कागद आजही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

दोष उर्दूचा नव्हता. ती गोड भाषा आहे, आपल्या बोलण्यात तिचे शब्द पदोपदी आहेत. दोष हा की पोराच्या तोंडची भाषा शाळेला कळत नव्हती. मराठी माणसांनी मग स्वतःच्या शाळा काढल्या. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते, आणि पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी झाले.

आता इंग्रजीकडे येऊ. इंग्रजी हवीच, यात माझ्या मनात शंका नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिका असं कवितेतूनच सांगितलं. पण बघा, सांगितलं मराठीत. आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात त्यांनी मुलींना अक्षरं शिकवली तीही मराठीच.

आपल्या राज्यात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होती. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीपासून आली. तोवर गडचांदूर, आवारपूरला सिमेंटचे कारखाने आणि सास्तीला कोळशाच्या खाणी आल्या होत्या. साहेबांची पोरं इंग्रजीत शिकताना दिसायची. आपल्याही पोरांना तेच मिळावं असं वाटणं साहजिक आहे. त्याला हौस म्हणून हसणाऱ्यांची स्वतःची पोरं कुठे शिकतात, ते एकदा विचारावं. पुढे २०१० च्या सुमारास आदिवासी विकास विभागाची योजना आली. आदिवासी मुलांना शहरातल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पहिलीपासून सरकारी खर्चाने शिकवायचं. सहा वर्षांचं लेकरू आईपासून दूर, आणि शाळेत गोंडी समजणारं कोणी भेटेल याची खात्री नाही.

पहिल्या दिवसापासून सगळंच परक्या भाषेत, गणितही आणि खेळही, ही पद्धत नावारूपाला आली ती कॅनडात. माँट्रियल शहराजवळ सेंट लँबर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या आयांना वाटलं, आपल्या प्रांतात फ्रेंच चालते आणि आपल्या पोरांना ती धड येत नाही. दोन वर्षं त्या शाळा मंडळाच्या मागे लागल्या, आणि १९६५ मध्ये बालवर्गातल्या २६ मुलांचा फ्रेंच वर्ग सुरू झाला. मुलं फ्रेंच छान शिकली. इंग्रजी वाचनात आधी मागे पडली, पण थोड्या वर्षांत तेही भरून निघालं. आपल्याकडचे इंग्रजी शाळावाले इथवरच सांगतात.

पुढचं ऐका. त्या वर्गातल्या बाईंना मुलांची इंग्रजी कळत होती. सुरुवातीला मूल घरच्या भाषेत बोललं तरी चालत असे. दुसरीपासून इंग्रजी वाचनाचा तासही होता. घरी पुस्तकं होती, वर्तमानपत्र होतं, आणि गावात त्यांच्या भाषेला कोणी कमी लेखत नव्हतं. आपल्या कोलाम गुड्यावरच्या लेकराजवळ यातलं काय आहे? त्याला 'मराठीत बोलू नको' म्हणून दंड करणारी शाळा कॅनडाचं नाव सांगत असेल, तर तिने अर्धीच गोष्ट उचलली आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही लिहिलं आहे की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेतून असावं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारात तीन सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. म्हणजे तिथे पहिलीला गोंडी जाणणारी बाई मागायची जागा आपल्याकडे आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळाच काढली. मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याने हरकत घेतली, तरी गावाने माघार घेतली नाही.

तुमच्यापैकी कोणी यंदा इंग्रजी शाळेत नाव घालायला जाणार असेल, तर जरूर जा. फीचा आकडा विचाराल, गाडीचं भाडं विचाराल. सोबत पहिलीच्या बाईंना भेटा आणि विचारा, माझ्या पोरीने गोंडीत पाणी मागितलं तर इथे कोणाला कळेल?