मराठीतील भय व इशारादर्शक शब्द

मराठीतील भय व इशारादर्शक शब्द म्हणजे भीती, अकस्मात बसणारा धक्का आणि येऊ घातलेल्या संकटाची सूचना व्यक्त करणारी शब्दसंपदा. यात संस्कृत व देशी शब्दांबरोबर अरबी-फारसी शब्द आहेत आणि विसाव्या शतकापासून इंग्रजीतून आलेले अलार्म, सायरन, अलर्ट, पॅनिक यांसारखे शब्दही आहेत. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत या शब्दांचे जुने व नवे थर एकाच वेळी वापरात दिसतात. एकीकडे अवर्षण, दुसरीकडे नीरा, कऱ्हा व भीमा या नद्यांचे पूर, अशा प्रदेशात इशाऱ्याच्या शब्दाचा नेमका अर्थ समजणे ही केवळ भाषेची बाब राहत नाही.

भीतीच्या छटा

भय व भीती हे शब्द संस्कृत ‘भी’ धातूपासून आले आहेत. मराठीत त्यांचा अर्थ सर्वसाधारण आहे. बारकावे इतर शब्द दाखवतात. धाक, वचक व दरारा यांतील भीती अधिकारी व्यक्तीविषयी असते आणि तीत आदराचा अंश असू शकतो. दहशत हा फारसीमार्गे आलेला अरबी शब्द आहे. त्यात असा आदर नाही. धास्ती पुढे घडणाऱ्या गोष्टीची असते, तर धसका घडून गेलेल्या गोष्टीचा राहतो. पुराची धास्ती घेतात आणि पुराचा धसका बसतो. इंग्रजीत या दोहोंसाठी बहुधा ‘फिअर’ हा एकच शब्द चालतो. त्याचा जुन्या इंग्रजीतील पूर्वज मात्र भावनेचा नव्हे, तर अकस्मात ओढवलेल्या संकटाचा वाचक होता.

क्षणिक भीतीसाठी मराठी शरीराचा आधार घेते. माणूस दचकतो, हबकतो, भेदरतो. त्याच्या छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, बोबडी वळते, अंगावर काटा उभा राहतो. शेवटच्या वाक्प्रचाराची कल्पना इंग्रजी ‘हॉरर’मध्येही आहे. त्याच्या मुळाशी केस उभे राहणे या अर्थाचा लॅटिन धातू असून तो संस्कृत ‘हृष्’ धातूचा सगोत्र मानला जातो. त्याच ‘हृष्’पासून रोमहर्षक हा शब्द झाला आणि हर्षही झाला. ‘टेरर’ या शब्दाचे नाते असेच ‘त्रस्’ या धातूशी आहे. संस्कृतात त्रास म्हणजे भय. मराठीत त्याची धार बोथट होऊन तो कटकट किंवा उपद्रव या अर्थाने रूढ झाला. संत्रस्त या शब्दात जुन्या अर्थाची छाया शिल्लक आहे.

‘पाचावर धारण बसणे’ हा वाक्प्रचार या भागाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला मिळणारे धान्य पाच मापांवर येणे, म्हणजे महागाईची परिसीमा होणे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आज तो अतिशय घाबरण्याच्या अर्थाने वापरला जातो व भावाचा संदर्भ बहुतेकांच्या ध्यानात नसतो. १८७६–७८ च्या महादुष्काळाची झळ सोसलेल्या इंदापूरसारख्या तालुक्यात तो संदर्भ कधीकाळी अगदी उघड असणार.

इशाऱ्याचे शब्द

इशारा हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ खूण किंवा संकेत असा आहे. मराठीने त्याला धोक्याच्या सूचनेचा अर्थ दिला. धोका या शब्दाचीही वाट वेगळी आहे: हिंदीत तो प्रामुख्याने फसवणूक दर्शवतो, मराठीत संकट. खबरदार म्हणजे फारसीत ज्याला खबर आहे असा, सावध माणूस. मराठीत तो दरडावणीचा उद्गार झाला. हुशार हाही फारसीतून आलेला जागरूक या अर्थाचा शब्द. आता तो शाळेतल्या गुणवान मुलाला लावतात.

इंग्रजी शब्दांचा इतिहास याहून फारसा निराळा नाही. ‘अलार्म’ हा इटालियन भाषेतील ‘शस्त्रे घ्या’ या आरोळीपासून बनला आणि ‘अलर्ट’ हा उंचावर पहाऱ्यास उभे राहण्याच्या सूचनेपासून. ‘पॅनिक’ ग्रीक देव पॅन याच्या नावावरून आला. ‘सायरन’ हे ग्रीक पुराणकथांतील गाणाऱ्या मोहिनींचे नाव. फ्रेंच संशोधक कान्यार द ला तूर याने १८१९ मध्ये पाण्याखालीही वाजू शकणाऱ्या आपल्या ध्वनियंत्राला ते दिले.

मराठीत ‘अलार्म’साठी गजर व ‘सायरन’साठी भोंगा हे प्रतिशब्द रुळले, परंतु बारामती–इंदापूर परिसरात दोहोंचा पहिला अर्थ भयाचा नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपूरकडे जाते आणि गजर म्हटला की येथे आधी हरिनामाचा गजर आठवतो. भोंगा प्रामुख्याने साखर कारखान्याचा. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात भोंगा म्हणजे पाळी बदलल्याची वेळ. रोजच्या कामाची खूण असलेला आवाज संकटाची सूचना म्हणून वापरायचा, तर त्याची लय वेगळी ठेवावी लागते. नागरी संरक्षणाच्या पद्धतीत चढउतार होणारा आवाज धोका सांगतो व सलग एकसुरी आवाज धोका टळल्याचे सांगतो. ७ मे २०२५ रोजी देशात झालेल्या ‘ऑपरेशन अभ्यास’ या सरावाच्या निमित्ताने हा भेद अनेकांनी प्रथमच ऐकला.

यंत्रांपूर्वी गावात बोंब, हाकाटी आणि दवंडी ही साधने होती. तोंडावर हात आपटत काढलेली बोंब शिमग्याला थट्टेची असते. एरवी ती आग, चोर किंवा पूर आल्याची असे. दवंडी हलगी वाजवून दिली जाई. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात वापरली जाणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा, जिच्यात एका ग्रामस्थाने दूरध्वनीवरून दिलेली सूचना गावातील नोंदणीकृत मोबाईलवर त्याच्याच आवाजात पोहोचते, ही एका परीने दवंडीच आहे.

पूर आणि ‘अलर्ट’

सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदर तालुक्यातील अतिवृष्टीनंतर नाझरे धरणातून पाणी सोडावे लागले व कऱ्हेचा पूर बारामती शहरात आला. मे २०२५ च्या अखेरीस अवेळी मुसळधार पावसाने बारामती व इंदापूर तालुक्यांना झोडपले आणि नीरा डावा कालवा पिंपळी–लिमटेक परिसरात फुटला. अशा वेळी दोन प्रकारची शब्दावली लोकांपर्यंत पोहोचते.

पहिली जलसंपदा विभागाची: ‘विसर्ग’, ‘क्युसेक’, ‘सतर्कतेचा इशारा’. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. वीर धरणातून नीरेत किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे कळल्याने घाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी चढेल, मोटार कधी काढावी, हे आपोआप कळत नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याला ते अनुभवावरून ताडावे लागते.

दुसरी शब्दावली हवामान विभागाच्या रंगांची. त्यात पिवळा रंग लक्ष ठेवण्यासाठी, नारिंगी तयारीत राहण्यासाठी व लाल प्रत्यक्ष कृती करण्यासाठी असतो. इंग्रजीत या तीन पायऱ्यांना अनुक्रमे ‘वॉच’, ‘अलर्ट’ व ‘वॉर्निंग’ अशी तीन नावे आहेत. मराठी वृत्तपत्रांनी मात्र तिन्हींना ‘अलर्ट’ म्हटले: यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. त्यामुळे शब्दाने दाखवलेला फरक नाहीसा झाला व सारा भार रंगाच्या नावावर पडला. लक्ष ठेवा, तयार राहा आणि हला हे तीन साधे मराठी पर्याय उपलब्ध असताना हे घडले, ही खेदाची बाब आहे.

जुलै २०२३ मध्ये आपत्कालीन संदेशाची चाचणी म्हणून अनेक मोबाईल एकाच वेळी मोठ्याने वाजले, तेव्हा सूचना वाचण्याआधी लोक दचकले.

खोटा इशारा

‘फॉल्स अलार्म’साठी मराठीत हूल हा नेमका शब्द आहे. हूल उठते, हूल देतात, आणि हुलकावणी हा तिच्याच कुळातला. ‘लांडगा आला रे आला’ ही म्हणीसारखी वापरली जाणारी आरोळी शालेय पुस्तकांतील कथेतून आली असली, तरी इंदापूर तालुक्यात ती निव्वळ पुस्तकी नाही. कडबनवाडीच्या गवताळ माळांवर लांडग्यांचा अधिवास आहे, आणि त्याच माळांवर मेंढपाळ मेंढ्या चारतात. तेथे ही आरोळी खरी असण्याचीच शक्यता अधिक.