मॉन्टेरी पॉप

अमेरिकन संगीत-माहितीपट (१९६८). दिग्दर्शक डी. ए. पेनेबेकर. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे १६ ते १८ जून १९६७ दरम्यान भरलेल्या पॉप-रॉक महोत्सवाचे हे चित्रण. लांबी सुमारे ८० मिनिटे. चित्रीकरण १६ मिमी. फिल्मवर, हाती धरलेल्या कॅमेऱ्यांनी झाले. छायालेखकांत रिचर्ड लीकॉक व अल्बर्ट मेझल्स होते. जॅनिस जॉप्लिन, ओटिस रेडिंग, द हू यांच्या सादरीकरणांबरोबरच जिमी हेंड्रिक्सने रंगमंचावर गिटार पेटवल्याचा गाजलेला प्रसंगही यात आहे. वाद्याची ही विटंबना महोत्सवात सतार वाजवणाऱ्या पंडित रविशंकर यांना रुचली नाही. त्यांची मैफल १८ जूनच्या दुपारी झाली होती; चित्रपटात मात्र तिला शेवटचे स्थान मिळाले. साथीला उस्ताद अल्लारखाँ (तबला) व कमला चक्रवर्ती (तंबोरा) होते. या प्रदीर्घ भागाच्या आरंभी कॅमेरा वादकांऐवजी श्रोत्यांवरच रेंगाळतो. या माहितीपटानंतर आलेल्या, अशाच संगीत महोत्सवावरील मायकेल वॉडली यांच्या ‘वुडस्टॉक’ला (१९७०) माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. ‘मॉन्टेरी पॉप’चा समावेश २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला.