मेम्ब्रेनलगतचं मीठ

लातूरच्या घरी आरओ बसवला, तेव्हा आईला त्याची रिजेक्टची नळी बघवत नसे. पिण्याचं एक भांडं भरेपर्यंत त्याहून जास्त पाणी मोरीत. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलेल्या बाईला ते सहन कसं व्हावं? इंजिनियर मुलगा म्हणून मी नळीला चिमटा लावून धार बारीक केली. तीन महिन्यांत मेम्ब्रेन बाद! टीडीएस मीटर मात्र बोअरच्या पाण्याचा जुनाच आकडा दाखवत होता.

माझी चूक समजायला मला साठ वर्षं मागे जावं लागलं.

फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांना मीठ अडवणारं मेम्ब्रेन सापडलं होतं, पण त्यातून पाणी जेमतेम झिरपायचं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी 1960च्या सुमारास तो वेग कितीतरी पट वाढवला. वेगासोबत नवी अडचण आली. पाणी पलीकडे जातं, मीठ मेम्ब्रेनपाशीच अडकतं. ते हळूहळू मागे पसरतं, पण तोवर मागून आणखी येतंच. केसाएवढ्या पातळ थरात खारटपणा साचतो. पाणी ढकलायला जास्त दाब लागतो, क्षार खडे धरतात. याला म्हणतात कॉन्सन्ट्रेशन पोलरायझेशन.

हा थर मोजायचा कसा? सुईनं नमुना काढायला गेलं, की थरच विस्कटतो. 1965 मध्ये एमआयटीत शेरवूड, ब्रायन आणि सहकाऱ्यांनी तो गणितानं पकडला: पाणी किती वेगानं आत ओढलं जातं आणि मीठ किती वेगानं मागे पसरतं, यांच्या गुणोत्तरावरून मेम्ब्रेनलगतचा खारटपणा काढता येतो. पुढे इंटरफेरोमीटर आला. खाऱ्या पाण्यात प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो, त्यामुळे प्रकाशाचे पट्टे वाकतात. ते किती वाकले यावरून, हात न लावता, थर वाचता येतो.

त्याच 1965 साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावाला आरओचं पाणी मिळू लागलं. तिथेही पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेनंच यायचं. हे वाचून मी आईला फोन केला.

माझं मीटर बादलीतलं पाणी मोजत होतं, बिघाड मात्र मेम्ब्रेनला चिकटून होता. मोरीत जाणारी ती धार वाया जात नव्हती, साचलेलं मीठ धुऊन नेत होती.

आता नळी बादलीत सोडलीय. त्या पाण्यानं आई फरशी पुसते. चिमटा तिनं लपवून ठेवलाय.